४०९६ लिहू नका, विचारा

अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्या आवृत्तीसाठीची नवी अ‍ॅप्स आणि जुन्या अ‍ॅप्सचे अपडेट १६ किलोबाइटच्या मेमरी-पानावर चाललेच पाहिजेत, असा गूगल प्लेचा नियम १ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाला. निव्वळ जावा-कोटलिनवाल्यांना त्याची झळ फारशी लागली नाही. सी आणि सी++ मधल्या लायब्रऱ्या वापरणाऱ्यांना मात्र त्या नव्याने बांधाव्या लागल्या.

ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी सुटी देत नाही, पानांनी देते. इंटेलच्या ८०३८६ने १९८५मध्ये ४०९६ बाइटांचं पान आणलं आणि ते इतकं रुळलं की अनेकांनी हा आकडा सरळ कोडमध्येच लिहून टाकला. पण व्हॅक्स संगणकाचं पान ५१२ बाइटांचं होतं, अल्फा प्रोसेसरचं ८ किलोबाइटचं, अ‍ॅपलच्या एम१चं १६. मुलखामुलखाची पायली वेगळी. आपलीच खरी मानून परक्या बाजारात सौदा करणारा नाडला जायचाच. फाइलचा तुकडा मेमरीत जोडून घेताना सुरुवात पानाच्या पटीत नसेल, तर ते काम करणारं 'एममॅप' हे फंक्शन सरळ नकार देतं.

पानाचं माप सिस्टिमला विचारणं मात्र एका ओळीचं काम आहे. लिनक्स-मॅकवर 'सिसकॉन्फ', विंडोजवर 'गेटसिस्टिमइन्फो'. लिनक्समध्ये तर प्रोग्राम सुरू होतानाच कर्नल हा आकडा त्याच्या हाती देऊन ठेवतो, त्यामुळे विचारायलाही वेळ जात नाही!

पानांच्या कल्पनेचं श्रेय बहुतेकदा मँचेस्टरच्या अ‍ॅटलास संगणकाला आणि टॉम किलबर्न यांना मिळतं. १९६२चं ते यंत्र थोरच. त्याचं पान ५१२ शब्दांचं होतं. पण बर्लिनच्या फ्रिट्झ-रुडोल्फ ग्युंच यांनी १९५६च्या सुमारास आपल्या प्रबंधात असंच यंत्र कागदावर मांडलं होतं. वेगवान मेमरी अवघी ६०० शब्दांची, प्रोग्रामरला दिसणार मात्र एक लाख शब्द. शंभर-शंभर शब्दांचे गठ्ठे ड्रम-मेमरीवरून आणायचे-न्यायचे ते यंत्राने, आपणहून. प्रोग्रामरने ही हमाली करू नये, हा सगळ्या खटाटोपाचा हेतू. आणि आपण काय केलं? त्याच गठ्ठ्याचं माप पुन्हा प्रोग्राममध्ये कोरून ठेवलं!

आता १६ किलोबाइटचा गाजावाजा. पान मोठं झालं की प्रोसेसरमधल्या पत्त्यांच्या छोट्याशा तक्त्यातली एकेक नोंद चौपट मेमरी सांभाळते, हा फायदा खरा. पण मेमरीची ओढाताण असताना अ‍ॅप उघडण्याचा वेळ सरासरी ३.१६ टक्क्यांनीच घटतो, असं गूगलचंच मोजमाप सांगतं. वर शेवटची पानं अर्धवट रिकामी राहून मेमरी थोडी जास्त लागते. क्रांती म्हणावी असं यात काही नाही. ६४ किलोबाइटचं पान एआरएमच्या रचनेत आधीपासूनच बसतं. तेव्हा ४०९६ खोडून तिथे १६३८४ लिहिणाऱ्यांनी दुरुस्ती केलेली नाही, फक्त पुढच्या धावपळीची तारीख लांबवली आहे.