जकातनाका आणि रस्ता

मत्तय जकातनाक्यावर बसलेला असतां प्रभूनें त्यास बोलाविलें, ही शुभवर्तमानांतील कथा आपणांस ठाऊक आहे. परंतु जकातनाका म्हणजे काय, असें आज कोणी विचारलें तर नवल नाहीं. कारण सातारा व सांगली या दोन्ही शहरांच्या वेशींवरील नाके आतां उठले आहेत. आपल्या दारापुढील रस्ता कोणाच्या पैशानें दुरुस्त होतो, हें समजण्यास त्या नाक्याची हकीकत उपयोगी पडेल.

साताऱ्यास नगरपालिका १८५३ सालीं स्थापन झाली. रस्ते, दिवाबत्ती व पाणी यांचा खर्च भागविण्यास घरपट्टी व जकात हीं नगरपालिकांचीं पुढें मुख्य साधनें झालीं. शहरांत खपण्यास येणाऱ्या मालावर वेशीशीं जकात घेत. व्यापारी ती किंमतींत मिळवी. म्हणजे शेवटीं ती गिऱ्हाइकाच्याच खिशांतून जाई. तिच्यांत दोष होते. गाड्या नाक्यावर खोळंबत, वसुलींत लबाडीस वाव राही, आणि गरिबाच्या संसारावरही तिचा भार पडे. तथापि एक गुण मोठा होता. रोजचा पैसा रोज गांवाच्या तिजोरींत येई, आणि व्यापार वाढला कीं तोही वाढे.

महाराष्ट्रांतील नगरपालिकांची जकात १९९९ सालीं बंद झाली व साताऱ्यास तिच्याऐवजीं सरकारी अनुदान मिळूं लागलें. सांगली, मिरज व कुपवाड यांची महानगरपालिका १९९८ सालीं झाली. तेथें पुढें व्यापाऱ्याच्या वहीवरून आकारावयाचा स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांस तो माफ झाला, आणि १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू होतांच तो सर्वस्वीं गेला. आजही गिऱ्हाईक कर देतेंच. परंतु तो पैसा राज्याच्या व केंद्राच्या तिजोरींत जाऊन, तेथून भरपाईच्या रूपानें शहराकडे परततो.

रस्ता मात्र वाट पाहत नाहीं. सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलें. पावसाळ्यांत वरून धांवणारें पाणी डांबराखालची खडी उकरून नेतें. सांगलींत कृष्णेच्या २०१९ व २०२१ च्या महापुरांत कित्येक रस्ते दिवसेंदिवस पाण्याखालीं राहिले, आणि सांचलेलें पाणी तर डांबराचा शत्रु. म्हणून आपल्याकडे दुरुस्ती ही दरसालची गरज आहे, व तिला दरसालचें खात्रीचें उत्पन्न पाहिजे.

अमेरिकेंतील ओक्लाहोमा सिटी या शहरानें २०१७ च्या सप्टेंबरांत हाच प्रश्न नागरिकांच्या मतास टाकला. विक्रीवर शेकडा एक कर, मुदत २७ महिने, आणि उत्पन्न मुख्यतः रस्त्यांसाठीं. लोकांनीं तो मान्य केला. गरिबास अधिक जाणवण्याचा जकातीचा दोष त्यांतही आहे, आणि असा विक्रीकर बसविण्याचा अधिकार आपल्या नगरपालिकांस नाहीं. परंतु कराचें काम व मुदत आधीं जाहीर करण्याची रीत घेण्यासारखी आहे.

घरपट्टी अद्याप शहराच्याच हातीं आहे. तिच्यांतील किती रुपये कोणत्या रस्त्यास लागले, हें प्रत्येक प्रभागांत फलकावर लिहिलें, तर ती भरणाऱ्याचा हातही सैल होईल. आपण मोठे व्हाल तेव्हां कर वेळेवर भरा, पावती जपा आणि हिशेब विचारा. मत्तयानें नाका सोडला. नागरिकानें हिशेब सोडूं नये.