माणसांसाठी काम करायचंय? मग ‘मानव विकास’ हा विषय बघा

गोमती नगरातल्या आणि एकूणच लखनौतल्या मराठी घरांतल्या मुलामुलींसाठी ही पोस्ट. समुपदेशन, विशेष शिक्षण, बालशिक्षण किंवा ज्येष्ठांची सेवा यांपैकी काही करायचं असेल, तर हा विषय उत्तम पाया घालतो.

📍 कुठे? रायबरेली रोडवरच्या बाबासाहेब भीमराव आंबेडकर केंद्रीय विद्यापीठात गृहविज्ञानाअंतर्गत मानव विकास शिकवतात.

📖 काय शिकतो? गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंतचा माणूस. मूल विचार कसा करतं, हे मानसशास्त्रज्ञ पियाजेकडून. आयुष्याचे ८ टप्पे एरिक्सनकडून. घर, शाळा, शेजार आणि सरकारी धोरणं मिळून मुलाला कशी घडवतात, हे ब्रॉन्फेनब्रेनरकडून.

🌱 आपला वारसा: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये महाराष्ट्रातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची रीत! एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि तिच्यामार्फत अंगणवाडी देशभर पोचली.

⚠️ महत्त्वाचं: विशेष शिक्षक किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायला नुसती ही पदवी पुरत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. लखनौच्या शकुंतला मिश्रा पुनर्वास विद्यापीठात विशेष शिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत.

प्रवेशाआधी एखाद्या अंगणवाडीत किंवा वृद्धाश्रमात काही दिवस मदत करा. हे काम आपलं आहे का, ते तिथे नीट कळतं.

#मानवविकास #लखनौ