आवाज एकीकडे, चित्र दुसरीकडे : व्हिडिओचा मेळ कसा बसवायचा?



आपल्या आष्टी भागातल्या गटांच्या तूरडाळीचे, पापड-शेवयांचे व्हिडिओ आता मोबाईलवरच तयार होतात. गिऱ्हाईक जालन्याचं असो की मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात भेटलेलं, माल आणि भाव ते व्हिडिओतच बघतं. समजा, चित्रात एक किलोचं पाकीट दिसतंय आणि तुमचा आवाज अर्ध्या किलोचा भाव सांगतोय. गिऱ्हाईक म्हणणार, "ताई, तुम्हीच तर हा भाव सांगितला!" वाद होतो आणि नाव गटाचं खराब होतं. म्हणून हा मेळ बसवायला शिकून घेऊ.

असं का होतं?

व्हिडिओच्या एका फाईलमध्ये दोन वेगळ्या पट्ट्या असतात : एक चित्राची, एक आवाजाची. चित्राची पट्टी म्हणजे भराभर काढलेले फोटो. मोबाईल साधारण सेकंदाला ३० फोटो काढतो, म्हणजे १०० सेकंदांत ३,०००. पण घरात अंधार असला किंवा फोन तापला, की तो थोडे कमी काढतो. आवाजाची नोंद मात्र तिच्या गतीनं चालूच राहते.

आता १०० सेकंदांत २,९४० फोटोच निघाले असं धरा. काही एडिटिंग ॲप ते सेकंदाला ३० या हिशोबानंच चालवतात. मग चित्र ९८ सेकंदांत संपतं आणि आवाज १०० सेकंद चालतो. दोन सेकंदांचा फरक पडला की नाही?

आधी दुखणं ओळखा

ब्लूटूथचा हेडफोन लावला असेल तर काढा, त्यानं आवाज उशिरा येतो. मग तोच व्हिडिओ दुसऱ्या फोनवर लावून बघा. तिथं ठीक दिसला तर फाईल चांगली आहे, तिला हात लावू नका.

दोन्हीकडे बिघाड दिसला तर सुरुवात, मध्य आणि शेवट, तीन ठिकाणी ओठांकडे बघा. तीनपैकी एक प्रकार सापडेल. इनशॉट, व्हीएन, काईनमास्टर यांसारख्या एडिटिंग ॲपमध्ये तो दुरुस्त करता येतो. बटणांची नावं थोडी वेगळी असतील, पण काम तेच.

१. फरक सगळीकडे सारखा आहे. 'एक्स्ट्रॅक्ट ऑडिओ' करून आवाज वेगळा काढा आणि मूळ क्लिपचा आवाज बंद करा, नाहीतर दोन-दोन आवाज येतील. मग आवाजाची पट्टी बोटानं पुढे-मागे सरकवा. किंचित उशीर राहिला तर फारसं कळत नाही. नदीच्या पलीकडच्या काठावर कुणी धुणं आपटत असेल तर आधी हात दिसतो, मग आवाज येतो. त्याची आपल्याला सवय आहे. पण आवाज आधी आला तर लगेच खटकतं.

२. सुरुवात बरोबर आहे, पण फरक वाढत जातो. इथं नुसतं सरकवून भागत नाही. पुढचं जुळवलं की मागचं बिघडतं. आवाज वेगळा काढा आणि चित्राचा वेग म्हणजे 'स्पीड' बदला. हिशोब सोपा आहे : चित्राचे सेकंद भागिले आवाजाचे सेकंद. आपल्या उदाहरणात ९८ भागिले १०० म्हणजे ०.९८. इतका बारीक आकडा ॲप घेत नसेल तर बोलण्यात जिथं थांबा आहे तिथं 'स्प्लिट' करून तुकडे करा आणि एकेक तुकडा जुळवा.

३. मेळ बरोबर आहे, फक्त शेवटी चित्र थिजतं किंवा आवाज आधी संपतो. इथं वेगाला हात लावू नका. शेवटचा जास्तीचा भाग 'ट्रिम' करा, झालं!

व्यवहाराचा कुठलाही शब्द कापला जात नाही ना, हे मात्र बघा. भाव, वजन आणि फोन नंबर बहुतेक शेवटीच सांगतो आपण.

संगणक वापरायला मिळत असेल तर हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. एडिटिंगच्या आधीच मूळ फाईल त्यात 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून बदलून घेतली, तर दुसऱ्या प्रकारचा त्रास बऱ्याचदा होतच नाही.

शूटिंगच्या वेळीच हे करा

- कॅमेऱ्यासमोर सुरुवातीला एक आणि शेवटी एक टाळी वाजवा. सिनेमावाले पाटी आपटतात ती याच कामासाठी. हात जुळताना दिसला तिथंच 'टाप' ऐकू आला पाहिजे. दोन टाळ्यांमधलं अंतर चित्रात किती आणि आवाजात किती, हे मोजलं की वरचा भागाकारही नेमका येतो. नंतर टाळ्या कापून टाका.
- ओट्यावर किंवा अंगणात, चांगल्या उजेडात शूट करा.
- फोनमध्ये जागा मोकळी ठेवा. लांब व्हिडिओपेक्षा एक-दोन मिनिटांचे तुकडे घ्या, फरक वाढायला वावच राहत नाही.
- एडिटिंगला मूळ फाईलच द्या. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.
- दुरुस्ती नेहमी कॉपीवर करा, मूळ फाईल जपून ठेवा.

शेवटचं एक. तयार झालेला व्हिडिओ पाठवण्याआधी गटातल्या अशा ताईला दाखवा, जिनं तो अजून पाहिलेला नाही. भाव सांगताना कुठलं पाकीट दिसलं, एवढंच तिला विचारा. तिचं उत्तर बरोबर आलं तर व्हिडिओ बिनधास्त पाठवा.