पाचाडचा पाऊस आणि हवेच्या दाबाचे गणित

रायगडाच्या पायथ्याला वसलेल्या पाचाड गावात आषाढ-श्रावणात कोसळणारा पाऊस अरबी समुद्रावरून येतो हे सर्वज्ञात असले, तरी त्याला तेथवर ढकलणारी शक्ती विषुववृत्ताच्या पलीकडे, मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज या मास्कारेन बेटांच्या दक्षिणेकडील समुद्रावर उभी राहते. दक्षिण गोलार्धातील हिवाळ्यात तेथे हवेचा दाब १०२० हेक्टोपास्कलच्या वर जातो, तर त्याच सुमारास तापलेल्या राजस्थान-सिंध भागात तो हजाराच्या खाली उतरतो. हेक्टोपास्कल हे दाबाचे एकक असून जुन्या पुस्तकांतील मिलिबार तो हाच. दाबातील या फरकामुळे दक्षिणेकडील व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे सोमालियाच्या किनाऱ्याजवळ उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन कोकणात शिरतात. गिरमिटिया मजूर म्हणून एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज जुलैत कोरडा, थंड ऋतू अनुभवत असतात तेव्हा महाड-पोलादपुरात भातलावणी चालू असते, आणि हे दोन्ही ऋतू एकाच वायुव्यवस्थेची दोन टोके असतात.

दाबाची तुलना करताना उंचीचा हिशेब आधी करावा लागतो. समुद्रसपाटीजवळ दर आठ-नऊ मीटर उंचीला दाब सुमारे एक हेक्टोपास्कलने घटतो, त्यामुळे सुमारे ८२० मीटर उंचीच्या रायगडावर तो समुद्रसपाटीपेक्षा साधारण नव्वदने कमी भरतो. म्हणूनच नकाशावर समभार रेषा, म्हणजे समान दाबाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, काढण्यापूर्वी सर्व नोंदी समुद्रसपाटीच्या पातळीवर आणल्या जातात.

उष्ण कटिबंधाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की बेटावर असो वा किनाऱ्यावर, दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो सर्वाधिक आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो. वातावरणातील ओझोन व बाष्प सूर्याची उष्णता शोषतात आणि त्यातून उठणाऱ्या लाटेमुळे हा दोन-तीन हेक्टोपास्कलचा चढउतार घडतो. त्यामुळे सकाळच्या मानाने दुपारी वायुदाबमापकाचा काटा खाली आला म्हणून वादळ येत आहे असा निष्कर्ष चुकतो. तुलना आदल्या दिवशीच्या त्याच वेळेशीच करावी लागते.

अशी तुलना वर्षावर्षांची करायची तर दीर्घकाळच्या नोंदी हव्या असतात. कधीकाळी स्वतंत्र बेट असलेल्या मुंबईच्या कुलाब्यावरील वेधशाळेत १८४१ पासून हवामानाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. १९०४ मध्ये भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या दाबनोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा प्रशांत महासागरावरील दाब वाढला की हिंदी महासागरावरील घटतो आणि उलटही घडते, हे त्यांना आढळले. या दक्षिणी आंदोलनाचे मापन आज ताहिती बेट आणि ऑस्ट्रेलियातील डार्विन येथील दाबांच्या फरकावरून होते आणि भारतातील पावसाच्या दीर्घ अंदाजात त्याचा विचार केला जातो.

स्थानिक पातळीवर मात्र दाबाची भाषा प्रसंगानुसार बदलते. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाच्या केंद्रात दाब सुमारे ९८४ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता आणि वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. असे वादळ वायुदाबमापकावर स्पष्ट उमटते. याउलट किनाऱ्याला समांतर पसरणारा कमी दाबाचा पट्टा आसपासच्या दाबाहून जेमतेम एक-दोन हेक्टोपास्कलने खाली असतो, पण त्याच्या जोडीने आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या भिंतीवर चढून थंडावतात आणि अतिवृष्टी होते. जुलै २०२१ मध्ये महाडवरून वाहणाऱ्या सावित्री नदीच्या उगमापाशी, महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, महाड शहर पुरात बुडाले आणि २२ जुलैला महाड तालुक्यातील तळिये गावात दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. सावित्रीचे पाणी बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते आणि खाडीला भरती असली की पुराचा निचरा मंदावतो.

म्हणून चक्रीवादळासाठी दाबाची नोंद निर्णायक असली, तरी पाचाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवरील धोका ओळखण्यासाठी ती एकटी पुरत नाही. घाटमाथ्यावरील पर्जन्यमापकाचे तासागणिक आकडे आणि भरतीचे वेळापत्रक तिच्यासोबत वाचले, तरच पायथ्याच्या वाड्यांना वेळेत हलवता येईल.