हद्दीचा कौल

निगडीतल्या गृहस्थाचा केर सकाळी घंटागाडीत पडला की त्या केराशी त्याचा संबंध संपतो, आणि तो पुढे मोशीच्या डेपोत जाऊन विसावतो हे ठाऊक असूनही त्याची झोप कधी मोडत नाही. मोशीच्या त्या ८१ एकरांवर पिंपरी-चिंचवड शहराचा कचरा १९९१ पासून पडू लागला. मोशी गाव महापालिकेच्या हद्दीत आले ते मात्र १९९७ साली. म्हणजे ज्या संस्थेचा कचरा दारात येत होता, तिच्या निवडणुकीत पहिली सहा वर्षे त्या गावाला मतच नव्हते. आम्हा निगडीकरांच्या पूर्वजांचा अनुभवही फार निराळा नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने येथल्या शेतजमिनी संपादन केल्या तेव्हा कौल कोणी मागितला नव्हता, आणि साडेबारा टक्के जमीन परताव्याचे दफ्तर त्यानंतर कित्येक वर्षे कचेऱ्यांतून फिरत राहिले.

नकोशी वस्तू ज्याच्या दारात ठेवावयाची त्याला आधी विचारावे काय, आणि विचारावयाचे तर ‘त्याला’ म्हणजे नेमके कोणाला, हा प्रश्न अणुकचऱ्याच्या बाबतीत जितका उघडा पडतो तितका अन्यत्र क्वचितच पडतो. या कचऱ्याचा आकारमानाने फार मोठा भाग वस्तुतः किरकोळ असतो: कामगारांचे हातमोजे, अंगरखे, गाळण्या, पुसण्याची फडकी, त्यांतला किरणोत्सार काही शतकांत ओसरतो. खरा दाहक अंश वापरलेल्या इंधनाचा. आपल्याकडे त्या इंधनातून युरेनियम व प्लुटोनियम काढून घेतात, उरलेला तीव्र द्रव वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत थिजवतात, आणि तारापूरला असे डबे हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने थंड राहणाऱ्या तळघरांत ठेवले जातात. ते कायमचे पुरावयाची जागा देशात अद्याप कोठेही मुक्रर झालेली नाही. २०१२ साली कूडनकुलम अणुप्रकल्पाच्या खटल्यात कोलारच्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणींचे नाव सर्वोच्च न्यायालयात निघाले मात्र, कोलारचे लोक रस्त्यावर उतरले आणि तसा बेत नसल्याचा खुलासा सरकार पक्षाला करावा लागला.

दक्षिण कोरियात बुआन परगण्याच्या प्रमुखाने २००३ साली आपण होऊन आपल्या हद्दीतले एक बेट अशा साठवणीसाठी देऊ केले, तेव्हा महिनोन्‌महिने दंगे झाले, आणि अखेर २००४ च्या फेब्रुवारीत रहिवाशांनी स्वतःच मतदान भरवून सुमारे ९२ टक्के नकार नोंदविला. सरकारने यावरून घेतलेला धडा व्यवहारी होता. त्याने कचऱ्यातला सौम्य व मध्यम भाग निराळा काढला, ३०० अब्ज वॉनचा निधी पुढे ठेवला आणि चार ठिकाणी एकाच दिवशी मतदान घेऊन, जेथे होकार सर्वाधिक तेथे कोठार, अशी जणू बोलीच लावली. २ नोव्हेंबर २००५ रोजी चारही ठिकाणी बहुमताने होकार आला, आणि ८९.५ टक्क्यांनी बाजी मारली ती ग्योंगजूने, म्हणजे सिल्ला घराण्याच्या प्राचीन राजधानीने. आपल्या पैठणने चढाओढीने असे काही मागून घेतले असते तर कसे वाटले असते, असे क्षणभर मनात येते.

पैशाने सारेच साधते असा निष्कर्ष मात्र काढू नये. स्वित्झर्लंडमधील वोल्फेनशीसन या खेड्यात १९९३ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी घरोघरी विचारले, तेव्हा ५०.८ टक्के लोक कोठारास राजी होते. पण वार्षिक मोबदला देऊ, असे म्हणताच ते प्रमाण २४.६ टक्क्यांवर घसरले. जे कर्तव्य म्हणून पत्करावयास माणसे सिद्ध होती, त्याची किंमत ठरताच त्यांना त्यात लाच दिसू लागली असावी. त्याहून उद्बोधक पुढची हकीकत. खेड्याचा कौल अनुकूल असतानाही त्याच्या प्रांताने, निडवाल्डेनने, १९९५ आणि २००२ अशा दोन वेळा सार्वत्रिक मतदानाने परवानगी नाकारली. पुढे देशाने नवा कायदा करून प्रांतांचा हा नकाराधिकारच काढून घेतला. खडक तोच, दरी तीच. ज्या वर्तुळातून मते मोजावी, त्याप्रमाणे निकाल मात्र पालटत गेला.

आपल्याकडे अणुकचऱ्यावर असे मतदान झालेले नाही. उभी बाटली की आडवी बाटली यावर वॉर्डातल्या स्त्रिया दारूच्या दुकानाचा निकाल लावू शकतात, परंतु प्रकल्पास जमीन द्यावी की नाही यावर सरकारी यंत्रणेने मतपेट्या मांडल्याचे ठळक उदाहरण रायगडचेच. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांच्या जमिनी जाणार होत्या, प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटले, आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यात जिल्हा प्रशासनाने मतदान घेतले. तो कौल सरकारवर बंधनकारक नव्हता. मतदारांनी प्रचंड बहुमताने नकार दिला. पुढे तो प्रकल्पच बारगळला. परंतु विचारले गेले ते सातबारावर ज्यांचे नाव होते त्या खातेदारांना. ज्याच्या नावे गुंठाही नाही आणि ज्याचे पोट त्याच भाताच्या कापणीवर अवलंबून आहे, त्या शेतमजुरासाठी त्या दिवशी मतपत्रिका नव्हती.