मोंढ्याचा भाव काळ्या पडद्यावर

गंगाखेडच्या मोंढ्यात सोयाबीनचा सौदा झाला की त्या दिवसाची आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे चार आकडे नोंदले जातात. असे बाजारभाव महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ प्रसिद्ध करते. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेटवर आणि खुल्या माहितीच्या पोर्टलवर देशभरातील बाजारांचे दर फाइलच्या रूपात उतरवून घेता येतात. पावसाचे आकडे महसूल मंडळनिहाय मिळतात, तर जनगणनेचे गावनिहाय. ही माहिती आपलीच आहे आणि ती फुकट मिळते. अडचण येते ती फाइल उघडल्यावर, कारण हजारो ओळींतून आपल्या तालुक्याचे नेमके उत्तर काढायचे कसे, हे कोणी शिकवलेले नसते.

एमएस-सीआयटी करताना आपण एक्सेल शिकलो आणि तिथेच थांबलो. याच कामाचा दुसरा, जुना आणि जास्त भरवशाचा रस्ता कमांड लाइनचा आहे. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची आणि उत्तर वाचायचे, एवढीच त्याची रीत.

एक्सेल गुपचूप काय बदलते

सीएसव्ही फाइल अगदी साधी असते. एका ओळीत एक नोंद आणि दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम. ती एक्सेलमध्ये थेट उघडली की प्रत्येक घरात काय असावे याचा एक्सेल स्वतःच अंदाज बांधते. गट क्रमांक १२/३ असेल तर त्याची तारीख होते. रकान्यात ७/१२ एवढेच लिहिले असेल तर आपल्या सातबाराचीसुद्धा तारीख होते. बारा अंकी आधार क्रमांक घातांकाच्या रूपात दिसू लागतो. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळतात, आणि क्रमांक सोळा अंकी असेल तर शेवटच्या अंकाच्या जागी शून्य येते, कारण एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच नेमकेपणा राखते. फाइल तशीच सेव्ह केली की मूळ आकडा परत मिळत नाही. रकाना मजकूर म्हणून आयात करून हे टाळता येते, पण घाईत फाइलवर दोनदा क्लिक करणारा माणूस तसे करत नाही.

ओळींचीही मर्यादा आहे. आजच्या एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात या जुन्या मर्यादेमुळे कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला.

आधी बघा, मग हात लावा

लिनक्स आणि मॅकवर हा काळा पडदा, म्हणजे टर्मिनल, आधीपासून असतो. विंडोज १० किंवा ११ असेल तर त्यातच लिनक्सची उपप्रणाली बसवता येते. लॅपटॉप नसला तरी अडत नाही, अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचे ॲप हे काम करते. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या असतात. इथे मी त्यांचे उच्चार देतो आहे.

फाइल आली की पहिल्यांदा तीन गोष्टी कराव्यात. 'डब्ल्यूसी' ही आज्ञा ओळी मोजते. 'हेड' पहिल्या दहा ओळी दाखवते, त्यांत रकान्यांची नावे दिसतात. 'लेस' पूर्ण फाइल पानापानाने वाचू देते आणि एक खूण जोडली की लांब ओळी न मोडता सरळ दाखवते. या तिन्ही आज्ञा फक्त वाचतात आणि मूळ फाइलला धक्का लावत नाहीत. माझ्या मते हाच कमांड लाइनचा सर्वांत मोठा गुण आहे. बघणे आणि बदलणे ही इथे दोन वेगळी कामे आहेत.

कोष्टक डोळ्यांसमोर ठेवून वर-खाली फिरायचे असेल तर व्हिजिडेटा वापरावे. ते टर्मिनलमध्येच चालते, रकाना निवडून एक कळ दाबली की क्रम लावते आणि दुसरी दाबली की कोणते मूल्य किती वेळा आले ते दाखवते.

उफणणे, चाळणे, मोजणे

बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत असताना डग मॅकिलरॉय यांनी एक कल्पना लावून धरली. एका प्रोग्रामचे उत्तर सरळ दुसऱ्या प्रोग्रामच्या तोंडात पडले पाहिजे. केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये ती अमलात आणली. तीच 'पाइप', कळफलकावरची उभी रेघ. खळ्यावर धान्य आधी उफणतात, मग चाळतात, मग मापतात. प्रत्येक काम वेगळे, पण माल पुढे सरकत राहतो. पाइपचे तंत्र तसेच आहे.

दरांच्या फाइलमधून 'ग्रेप'ने गंगाखेडच्या ओळी निवडाव्यात, 'कट'ने शेतमालाच्या नावाचा रकाना वेगळा काढावा, 'सॉर्ट'ने क्रम लावावा आणि 'युनिक'ने प्रत्येक नाव किती वेळा आले ते मोजावे. चार आज्ञा, मध्ये तीन उभ्या रेघा. उत्तर येते ते मालाच्या यादीच्या रूपात, आणि फाइल कितपत स्वच्छ आहे ते तिथेच कळते. 'सोयाबीन' आणि 'सोयाबिन' अशी दोन नावे यादीत दिसली, तर पुढची प्रत्येक बेरीज चुकणार होती हे वेळीच लक्षात येते. कोणतीही फाइल वापरण्याआधी ही यादी काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तारखांचेही तसेच. दिवस-महिना-वर्ष अशा क्रमाने लिहिलेल्या तारखा मजकूर म्हणून लावल्या तर सगळ्या महिन्यांचे एक तारखेचे दर एकत्र येतात. आधी त्या वर्ष-महिना-दिवस अशा फिरवून घ्याव्यात.

स्वल्पविराम आणि सरासरी

'कट' ही आज्ञा सरळमार्गी आहे. दिसला स्वल्पविराम की ती रकाना तोडते. रक्कम अवतरणचिन्हांत १,२५,००० अशी लिहिली असेल तर एका रकान्याचे तीन तुकडे होतात आणि पुढचे सगळे रकाने सरकतात. म्हणून खऱ्या सीएसव्हीसाठी जॉन केर्ल यांचे मिलर वापरावे. त्याला अवतरणचिन्हे कळतात, आणि रकान्याचा क्रमांक न सांगता नाव सांगून काम होते. रकान्यांवर हिशेब करणारे, १९७७ मध्ये आलेले 'ऑक' अजूनही अतिशय उपयोगी आहे. अल्फ्रेड अहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निगन यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. पण नवख्याने सुरुवात मिलरने करावी.

आता सरासरी. समजा एका दिवशी ४०० क्विंटल आवक झाली आणि सर्वसाधारण दर ४,२०० रुपये होता. दुसऱ्या दिवशी आवक फक्त २० क्विंटल आणि दर ४,५००. दोन दरांची साधी सरासरी ४,३५० येते. प्रत्येक दराला त्या दिवसाच्या आवकेने गुणून बेरीज केली आणि एकूण आवकेने भागले, तर उत्तर ४,२१४ येते. शेतकऱ्यांच्या हाती पडलेल्या दराच्या जवळ जाणारा आकडा हा दुसरा आहे. क्विंटलमागे १३६ रुपयांचा हा फरक केवळ हिशेबाच्या पद्धतीमुळे पडतो. मिलरमध्ये नवा रकाना तयार करण्याची एक पायरी आणि बेरजेची एक पायरी एवढेच काम आहे. हमीभावाशी तुलना करताना आवक न धरता काढलेली सरासरी कोणी पुढे केली, तर ती मान्य करू नये.

देवनागरीचे प्रश्न वेगळे

इंग्रजीतली शिकवणी पुस्तके इथे साथ सोडतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

'गंगाखेड' हा शब्द आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा. युनिकोडमध्ये त्यात सात खुणा असतात, आणि यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक खुणेला तीन बाइट लागत असल्याने तो एकवीस बाइटचा होतो. म्हणून पडद्यावर मराठी रकाने वेडेवाकडे दिसतात. त्यात माहितीची चूक नसते.

खरा धोका आकड्यांत आहे. दर देवनागरी अंकांत लिहिलेले असतील तर ऑक त्यांना संख्या मानत नाही. ४२०० ची किंमत शून्य धरते, बेरीज शून्य दाखवते आणि चूक झाल्याचे कुठेही सांगत नाही. आधी 'सेड'च्या अक्षर बदलण्याच्या सोयीने दहाही देवनागरी अंक इंग्रजी अंकांत फिरवावेत. याच कामासाठी ओळखली जाणारी 'टीआर' ही आज्ञा लिनक्सवर एकेक बाइट पाहते, त्यामुळे मराठीत तिच्यावर विसंबू नये.

दुसरी अडचण 'शेतकऱ्यांचे' या शब्दातली. त्यातला ऱ्य संगणकावर एकाहून अधिक प्रकारे साठवलेला असू शकतो. दिसायला शब्द सारखाच, पण ग्रेपला एक सापडतो आणि दुसरा सुटतो. शोध घेताना 'शेतक' एवढ्यावरच थांबावे. तिसरी अडचण जुन्या फाइलींची. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसला की निरर्थक अक्षरांसारखा दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो, त्याला दुसरा उपाय नाही.

पासष्ट मिलिमीटर

राज्यात एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी मानली जाते, आणि पीकनुकसानीच्या पंचनाम्यांत ही रेघ महत्त्वाची ठरते. महातपुरी, माखणी, राणीसावरगाव या गंगाखेड तालुक्यातल्या मंडळांचे जून ते सप्टेंबरचे रोजचे आकडे एका फाइलमध्ये असतील, तर पासष्टच्या वरचे दिवस निवडायला ऑकची एक ओळ पुरते. मात्र 'जास्त' आणि 'तेवढाच किंवा जास्त' यांच्यासाठी चिन्हे वेगळी आहेत. लागू असलेला शासन निर्णय वाचून चिन्ह घालावे, कारण नेमका ६५ नोंदवलेला दिवस त्यावर आत किंवा बाहेर जातो.

बहुतेक तक्त्यांत तारखा आडव्या मांडलेल्या असतात, मंडळाची एक ओळ आणि एकतीस रकाने. मिलरची 'रीशेप' क्रिया हा तक्ता उभा करते. मग एका ओळीत एक मंडळ, एक तारीख आणि एक आकडा येतो आणि पुढची निवड सोपी होते.

रिकामे घर आणि शून्य यांत गल्लत मुळीच होऊ देऊ नये. पाऊस पडला नाही हे एक, आणि यंत्र बंद होते किंवा नोंद आली नाही हे दुसरे. ऑक बेरजेत रिकाम्या घराला शून्य धरते, मिलरची सांख्यिकी क्रिया ते वगळते. अशी रिकामी घरे मोजून त्यांची वेगळी यादी करावी. ज्या दिवशी नोंदच नाही, त्या दिवसाबद्दल तहसीलमध्ये विचारणा करता येते.

जेसन आली तर

खुल्या माहितीच्या पोर्टलवरून थेट जोडणीने दर मागवले तर ते जेसन रूपात मिळू शकतात, म्हणजे कंसांत कंस आणि प्रत्येक मूल्याशेजारी त्याचे नाव. स्टीफन डोलन यांनी २०१२ मध्ये आणलेले 'जेक्यू' हे कंस नीट उलगडून दाखवते आणि हवे तेवढे उचलून सीएसव्ही करून देते. पुढचे काम वर सांगितले तसेच.

कृती जपून ठेवा

वापरलेल्या आज्ञा एका साध्या फाइलमध्ये क्रमाने लिहून ठेवाव्यात. पुढच्या महिन्यात नवी फाइल आली की तीच कृती पुन्हा चालवता येते. तुमचा आकडा कोणाला पटला नाही, तर मूळ फाइल आणि कृती त्याच्या हाती देता येते आणि तो स्वतः पडताळून पाहू शकतो. एक्सेलमध्ये माउसने केलेल्या बदलांचा असा माग सहसा उरत नाही. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि 'सीएचमॉड' आज्ञेने तिच्यावर लिहिण्याची परवानगी काढून टाकावी.

लाभार्थ्यांच्या याद्यांबाबत एक विनंती. आधार आणि खाते क्रमांक असलेली फाइल कुठल्याही फुकटच्या संकेतस्थळावर चढवून बदलून घेऊ नका. इथे सांगितलेल्या आज्ञा आपल्याच यंत्रावर, इंटरनेट बंद ठेवूनही चालतात.

गंगाखेड आणि परभणीच्या महाविद्यालयांत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी येत्या हंगामाच्या सोयाबीनच्या दरांची फाइल उतरवून घ्यावी. पहिल्या दिवशी तिच्या फक्त ओळी मोजाव्यात आणि मालाच्या नावांची यादी काढून घरातल्या शेतकऱ्याला वाचून दाखवावी.