ही कॉफी उकळत नाही, म्हणून आधी पाणी बघा

मागच्या वर्षी जयंतीच्या आठवडाभर आधी वस्तीतला एक मुलगा पुण्याहून इंदापूरला घरी आला. तिथं तो एका कॅफेत काम करतो. येताना त्यानं कॉफीच्या पुडीचं पाकीट आणलं आणि विहारात बसलेल्या आम्हा सगळ्यांना सांगितलं, "मावशी, यंदा मिरवणुकीत सरबत नको. कोल्ड ब्रू देऊ. पुण्यात एका पेल्याला दीडशे-दोनशे रुपये घेतात, आणि करायला काहीच लागत नाही. ना गॅस, ना मशीन. रात्री पुडी पाण्यात भिजवायची, सकाळी गाळायची. झाली कॉफी."

तरुण मुलं लगेच तयार झाली. आम्हालाही मौज वाटली. मग कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी विचारलं, "अन् पाणी कुठलं घेणार रे?"

"टाकीचं, आजी."

"उकळणार न्हाईस?"

"नाही ना, आजी. तीच तर गंमत आहे."

आजी गप्प झाल्या, पण तो प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. म्हणून या वेळचं आरोग्य पान थंड कॉफीवर. ती घरी करता येते, चांगली होते, उन्हाळ्यात बरीही वाटते. मात्र आपल्या घरांत ती करायची तर काही गोष्टी आधी समजून घ्यायला हव्यात. कॅफेतल्या मुलांना त्या कुणी सांगत नाही, कारण तिथं पाण्याचं फिल्टर आणि मोठा फ्रीज असतोच.

आपण चहा करतो तेव्हा पाणी खळखळून उकळतं. नळाचं असो, टँकरचं असो की बोअरचं, त्यातले जुलाब, कावीळ, टायफॉइडचे जंतू त्या उकळीत मरतात. म्हणजे इतकी वर्षं चहा आपलं पाणीही शुद्ध करत आला आहे, आपल्या ध्यानात न येता. थंड कॉफीत ही उकळी नाही. पुडी भाजलेली असते हे खरं, पण पाणी जसं घ्याल तसंच पोटात जातं. वर ते बारा-बारा तास भांड्यात उभं राहतं. जंतू असले तर त्यांना वाढायला पुरेसा वेळ मिळतो.

त्यामुळे पहिली गोष्ट पाण्याची. पाणी आधी खळखळून उकळा, झाकून गार होऊ द्या आणि मग त्यात कॉफी भिजवा. गॅस वाचतो म्हणून ही कॉफी करायची असेल, तर तेवढी बचत होणार नाही, हे सरळ सांगतो. घरात चांगला फिल्टर असेल आणि त्याची कांडी वेळेवर बदलली जात असेल, तर ते पाणी चालेल. मेडिक्लोर वापरत असाल तर बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला आणि निदान अर्धा तास थांबा. मात्र कॉफीला त्याचा वास लागतो, म्हणून आम्हाला उकळलेलंच पाणी आवडलं.

आता कृती. आम्ही ती तीन वेळा करून पाहिली, त्यातली पहिली फसली. ते पुढे सांगतो.

पुडी घेताना पाकीट नीट वाचा. किराणा दुकानात दोन-पाच रुपयांच्या पुड्या मिळतात ती इन्स्टंट कॉफी असते. ती भिजवायची नसते, गार पाण्यातही ती विरघळते. भिजवायला लागते ती फिल्टर कॉफीची पुडी, म्हणजे भाजून दळलेल्या बिया. ती बारामतीत किंवा पुण्यात मोठ्या दुकानांत मिळते. समोर दळून देत असतील तर लापशीच्या रव्याइतकी जाडसर मागा. बारीक पुडी फडक्यातून खाली उतरते आणि कॉफी गढूळ, कडवट लागते. पाकिटावर चिकोरी किती टक्के आहे तेही छापलेलं असतं. चिकोरी हे एक भाजून दळलेलं मूळ आहे. त्यात कॅफिन नसतं, रंग मात्र गडद येतो. कायद्यानं अशा मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी असलीच पाहिजे. चिकोरी विषारी वगैरे नाही, पण पैसे कॉफीचे देऊन अर्धं मूळ घेतोय का, एवढं बघायला हरकत नाही. जाता जाता सांगायचं तर कॉफी फक्त कर्नाटकातच होते असं नाही, आपल्या महाराष्ट्रात मेळघाटात चिखलदऱ्यालाही ती पिकते.

चार पेल्यांसाठी साधारण 40 ग्रॅम पुडी घ्या, म्हणजे पोहे खायच्या चमच्यानं सात-आठ चमचे. उकळून गार केलेलं पाणी 600 मिली. स्टीलच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत पुडी घालून वर पाणी ओता, स्वच्छ चमच्यानं एकदा ढवळा आणि झाकण लावा. पितळेचं किंवा तांब्याचं भांडं नको, कॉफी थोडी आंबट असते, धातूला लागते. फ्रीज असेल तर रात्रभर आत ठेवा, बारा तास पुरे. सकाळी सुती फडकं दुहेरी करून गाळा. हे फडकंही आधी पाण्यात उकळून, पिळून घ्या. हात पुसायच्या फडक्यानं गाळलं तर पाणी उकळण्याची सगळी मेहनत वाया. पुडी बरंच पाणी शोषून घेते, त्यामुळे हाती अर्ध्या लिटरच्या आसपास येतं. चोथा जोरात पिळू नका, कडवटपणा उतरतो.

आता फ्रीज नसलेल्या घरांचं, आणि अशी घरं आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. पहिल्यांदा आम्ही डबा तसाच पत्र्याच्या खोलीत खिडकीखाली ठेवला. वर शहाणपणा असा की रात्रीच त्यात दूध-साखरही घालून ठेवली, सकाळी घाई नको म्हणून. दुपारी झाकण उघडलं तर आंबूस वास. एक जण म्हणाली, थोडी चाखून बघू. आम्ही चाखू दिली नाही, सगळी मोरीत ओतली. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात रात्रीसुद्धा गरमी उतरत नाही, आणि दूध तर अशा हवेत काही तासांतच नासतं.

दुसऱ्या वेळी आम्ही डबा परातीतल्या पाण्यात उभा केला, त्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, गोणपाटाचं टोक पाण्यात राहू दिलं आणि वारा लागेल अशा दारापाशी ठेवला. माठ गार राहतो त्याच रीतीनं हे काम करतं. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. इंदापूरची उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे हे आपल्याकडे चांगलं जमतं. पावसाळ्यात दमट हवेत जमत नाही, तेव्हा नाद सोडा. असा डबा फ्रीजइतका गार होत नाही. म्हणून रात्री दहाला भिजवा, सकाळी सहाला गाळा आणि दुपारच्या आत संपवा. उरली तर फेका. फ्रीजमध्ये गाळलेली काळी कॉफी दोन दिवस ठेवली तरी चालते. दूध आणि साखर मात्र कुठल्याही घरात पितानाच घालायची.

बर्फाचं काय? घरच्या फ्रीजमध्ये उकळलेल्या पाण्याचा केलेला असेल तर घाला. बाहेरचा असेल तर आधी विचारा. उजनीच्या काठी आपल्या भागात मासळीचा मोठा धंदा चालतो आणि मासे टिकवायला बर्फाच्या लाद्या लागतात. तो बर्फ खाण्याचा नसतो. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम 2018 साली झाला. निळसर लादी दिसली तर ती सरबतातही नको, कॉफीतही नको. पांढरी दिसली म्हणजे खाण्याचीच असेल असंही धरून चालू नका.

चवीचं सांगायचं तर ही कॉफी गरम कॉफीपेक्षा मवाळ लागते. गरम पाणी पुडीतलं कडू, तुरट बरंच काही ओढून घेतं, गार पाणी कमी ओढतं. म्हणून साखर कमी पुरते, आणि आम्हाला खरा फायदा तिथंच दिसला. आपल्या घरात दिवसाला पाच चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर दहा चमचे होतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, म्हणजे साधारण सहा चमचे. शुगर असलेल्यांनी हा हिशोब स्वतःच्या घरात एकदा मांडून बघावा. थंड कॉफीनं पित्त होत नाही असं मात्र छातीठोक सांगता येत नाही. 2018 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजून पाहिलं, तेव्हा गार आणि गरम दोन्ही कॉफींचा आम्लपणा जवळजवळ सारखाच निघाला. ज्यांना जळजळ होते त्यांनी रिकाम्या पोटी ही घेऊ नये.

मवाळ लागते म्हणून ती हलकी आहे असं समजू नका. कॅफिन त्यात भरपूर उतरतं. वर सांगितलेल्या मापाच्या एका पेल्यात अंदाजे 100 मिलिग्रॅम किंवा थोडं जास्तच, बिया कुठल्या आणि चिकोरी किती यावर ते ठरतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला 300 मिलिग्रॅमच्या वर कॅफिन नको असं म्हटलंय. त्यात दिवसभराचा चहाही मोजायचा. म्हणजे दोन-तीन चहा होत असतील तर थंड कॉफी एक पेला, फार तर दीड.

हे आम्ही मुद्दाम दोघांसाठी लिहितोय. एक, अभ्यासिकेत रात्री जागणारी आपली मुलंमुली. पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा, आणि सोबत एनर्जी ड्रिंकचे डबे. त्यापेक्षा घरची काळी कॉफी बरी, साखर तरी आपल्या हातात राहते. पण पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला पेलाभर घेतला तर दोन वाजता त्यातलं अर्धं अंगात असतं. झोप मोडली की वाचलेलं डोक्यात राहत नाही. म्हणून दुपारी चारनंतर नको. दुसरे, बारामतीच्या एमआयडीसीत रात्रपाळीला जाणारे. त्यांनी घ्यायचीच तर पाळी सुरू होताना घ्यावी. पहाटे घेतली तर घरी येऊन दिवसभर डोळा लागत नाही.

आणि आपल्या बायकांसाठी एक गोष्ट, जी चहालाही तितकीच लागू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघालं. कॉफी आणि चहा दोन्ही जेवणातलं लोह अंगी लागू देत नाहीत. भाकरी-भाजीवर लगेच कप तोंडाला लावला तर त्या भाजीतलं लोह बरंचसं वाया जातं. जेवणाच्या एक तास आधी आणि एक तास नंतर दोन्ही नकोत. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी तर चहा-कॉफीसोबत कधीच घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. गरोदर बाईनं दिवसाचं कॅफिन 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवावं, म्हणजे चहा चालू असेल तर ही कॉफी नकोच. लहान मुलांना देऊ नका. बीपी किंवा छातीत धडधड असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

उन्हातान्हात रानात खुरपायला, डाळिंब तोडायला जाणाऱ्यांनी बाटलीत कॉफी भरून नेऊ नये. घामासोबत मीठ जातं, ते कॉफीनं भरून निघत नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा लहान सपाट चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, हेच न्या. नाहीतर ताक न्या.

राहिला मिरवणुकीचा प्रश्न. मुलांशी दोन संध्याकाळ वाद झाला. शे-दोनशे लिटर पाणी उकळणार कुठं, ते बारा तास गार ठेवणार कशात, आणि गाळणार कशानं? कुणीतरी रंगाचा रिकामा ड्रम धुऊन आणतो म्हणाला, त्यावर सगळ्याच मावश्या एकदम बोलायला लागल्या. रंगाचे डबे, फवारणीच्या औषधांचे कॅन कितीही घासले तरी पिण्याच्या वस्तूला चालत नाहीत. शिवाय मिरवणुकीत पोरंबाळं, गरोदर बाया, म्हातारी माणसं सगळीच पेला पुढं करणार. कुणाला कॉफी चालते आणि कुणाला नाही, हे त्या गर्दीत कोण विचारत बसणार?

शेवटी 14 एप्रिलला स्टॉलवर लिंबू सरबतच ठेवलं. पाणी सीलबंद जारचं, बर्फ नाही, जार ओल्या गोणपाटात. कॅफेतल्या त्या मुलाचं तोंड जरा उतरलं होतं. मग मिरवणूक संपल्यावर त्यानं आजींच्या घरी, आजींनीच उकळून ठेवलेल्या पाण्यात भिजवलेली कॉफी आम्हाला पाजली. आजींनी दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "बरी हाय की. पर चहा ठेव बाबा आता."